तबकडीची अरिष्टलक्षणे

रोग कसा बरा करावा हे सांगण्याआधी तो बरा होण्यासारखा आहे की नाही हे ओळखावे, अशी आपल्या जुन्या वैद्यांची शिस्त होती. साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे रोगांचे वर्ग त्यांनी पाडले होते. आणि चरकसंहितेतील 'इंद्रियस्थान' हा एक संपूर्ण भाग तर रोग्याच्या मरणसूचक चिन्हांना, म्हणजे अरिष्टलक्षणांनाच वाहिलेला आहे. अशी लक्षणे दिसू लागली की शहाणा वैद्य काढ्याचे प्रमाण वाढवीत बसत नसे. तो घरातल्या वडील माणसाला बाजूला बोलावून, जे काही बोलायचे-विचारायचे असेल ते आता उरकून घ्या, असे हळूच सुचवीत असे. ही शिस्त आम्हांस २०२४ च्या भाद्रपदात एका अगदी अनपेक्षित ठिकाणी नव्याने शिकावी लागली. रोगी होता आमच्या घरचा संगणक. आणि त्याचे बिघडलेले इंद्रिय होते ते, ज्याला हार्ड डिस्क म्हणतात.

यंत्रांशी आमचे फारसे सख्य नाही, हे या सदराच्या वाचकांस ठाऊक आहेच. तरीही २०१५ साली घेतलेला हा संगणक हळूहळू आमच्या घराची माळ्यावरची पेटी होऊन बसला होता. आमचे खापरपणजोबा होळकर दरबारच्या चाकरीत इंदुरास आले. त्या काळच्या मोडी कागदांची छायाचित्रे त्यात होती. चार पिढ्यांची लग्ने, मुंजी, बारशी त्यात होती. आणि या सर्वांहून मोलाची अशी एक वस्तू होती : आमच्या आईचा आवाज. १९८४ साली आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाचे बारसे रामबागेतील जुन्या घरी झाले. त्या दिवशी आईने, तिच्या आईने रचलेला पाळणा म्हटला आणि मग बायकांच्या आग्रहावरून आणखी पुष्कळ काही म्हटले. कोणी तरी तासाभराची कॅसेट लावून ते सारे टिपून घेतले. हा पाळणा कोठल्याही वहीत लिहिलेला नाही. २०११ मध्ये आम्ही त्या कॅसेटच्या दोन्ही बाजू संगणकात उतरवून घेतल्या, आणि 'आता काय, कायमचे झाले' अशा समाधानात ती बुरशी धरलेली कॅसेट दिवाळीच्या सफाईत टाकून दिली. या एका वाक्यात आमचा सारा अपराध सामावलेला आहे. परंतु तो अपराध आहे हे समजण्यास आम्हांस तेरा वर्षे लागली.

पहिली लक्षणे ज्येष्ठ-आषाढातच दिसू लागली होती. संगणक सुरू होण्यास पूर्वी एक मिनिट लागे, तेथे सात-आठ मिनिटे लागू लागली. एखादे जुने छायाचित्र उघडावे तर पडद्यावरचे चक्र फिरत राही, आणि सारे यंत्र एखाद्या विचारात गढल्यासारखे स्तब्ध होई. मग काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागे. एकदा एक संपूर्ण फोल्डर रिकामे दिसले आणि दुसऱ्या दिवशी भरलेले दिसले. श्रावणात त्या पेटीतून एक आवाज येऊ लागला : खट्, खट्, खट्, थोडी विश्रांती, पुन्हा खट्. आमच्या सौभाग्यवतींनी तो प्रथम ऐकला. "अहो, भिंतीत पाल आहे की तुमच्या यंत्रात?" असे त्यांनी विचारले, आणि आम्ही पंखा जुना झाला असेल असे उत्तर देऊन वर्तमानपत्रात डोके घातले.

यापुढे आम्ही जे केले ते इतरांनी करू नये म्हणूनच सांगत आहोत. संगणकात विषाणू शिरला असावा असा तर्क करून आम्ही त्याला शोधण्याचा कार्यक्रम रात्रभर चालविला. म्हणजे धाप लागलेल्या म्हाताऱ्यास रात्रभर राजवाड्याभोवती प्रदक्षिणा घालावयास लावल्या. सकाळी विषाणू सापडला नाही; खट्-खट् मात्र वाढली होती. मग बाजारातील एका दुरुस्तीवाल्याकडे चौकशी केली. त्याने यंत्र न पाहताच निदान केले. "बाबूजी, ले आइए, फॉरमॅट मार देते हैं, बिलकुल नया हो जाएगा." नवा होईल हे ऐकून आम्ही हुरळलो. फॉरमॅट मारणे म्हणजे पाटी पुसणे, हे त्या क्षणी ध्यानातच आले नाही. परंतु गणपती चार दिवसांवर आले होते. मखर, मोदक, पाहुणे यांच्या गडबडीत यंत्र उचलून नेणे राहून गेले. आळसाने माणसाचे कल्याण क्वचितच होते. आमचे झाले.

७ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, आमचा भाचा आला. ज्याच्या बारशाचा उल्लेख वर केला तोच हा. आता चाळिशीचा आहे आणि पुण्यास संगणकाच्याच कामात आहे. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि तो आरतीचे जुने छायाचित्र पाहावे म्हणून संगणकापाशी बसला. तो आवाज कानी पडताच त्याचा हात थांबला.

"मामा, हे केव्हापासून?"

"श्रावणापासून. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट केले की बरे होईल."

"मामा, आधी हे बंद करू. आणि मला सांगा, आजीची कॅसेट कुठे आहे?"

आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्यातून त्यास जे समजावयाचे ते समजले.

त्या संध्याकाळी त्याने जे समजावून सांगितले, ते आम्ही आमच्या भाषेत येथे मांडतो. हार्ड डिस्कच्या बंद डबीत काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो. आमच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असे, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्या कडेचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक भरतो. तिच्यावर एक बारीक भुजा इकडून तिकडे फिरते आणि त्या भुजेच्या टोकाशी असलेले वाचक-डोके तबकडीला स्पर्श न करता, केवळ हवेच्या झोतावर, काही थोड्या नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या अंतरात धुळीचा कणही पर्वतासारखा ठरतो. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली अशी डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि कपाटाएवढ्या त्या धुडात अवघी ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डबीत त्याच्या लाखो पट मजकूर बसतो. मूळ तत्त्व मात्र तेच आहे : फिरणारी तबकडी आणि तिच्यावर तरंगणारे डोके. फिरणारी वस्तू झिजते, आणि तरंगणारी वस्तू केव्हा तरी टेकते. तेव्हा डिस्क जाईल की नाही हा प्रश्नच नसतो. केव्हा जाईल, एवढाच असतो.

आता मंदपणाचे कारण. तबकडीवरचा मजकूर लहान लहान चौकटींत लिहिलेला असतो. त्यांना सेक्टर म्हणतात. एखादी चौकट नीट वाचता आली नाही तर डिस्क लगेच हार मानीत नाही. ती पुन्हा वाचते, पुन्हा वाचते. डोके जरा सरकवून वाचते. या खटाटोपात काही सेकंद जातात, आणि तेवढा वेळ सारे यंत्र तिच्या तोंडाकडे पाहत थांबते. आम्ही ज्याला विचारात गढणे समजत होतो ते असे कण्हणे होते. काही केल्या वाचता आली नाही तर डिस्क त्या चौकटीची नोंद 'प्रलंबित' अशी करून ठेवते, आणि पुढे त्या जागी नवे काही लिहिण्याचा प्रसंग आला व जागा खरोखरच निकामी ठरली, की तिच्याऐवजी राखीव ठेवलेली दुसरी चौकट कामाला लावते. म्हणजे शाळेत गैरहजर शिक्षकाच्या जागी बदली शिक्षक पाठवावा तसे. एक-दोन शिक्षक आजारी असले तर शाळा चालते. रोज नवे आजारी पडू लागले की शाळेत साथ आली असे समजावे. आणि ती खट्-खट्? डोक्यास आपली जागा सापडत नाही म्हणून भुजा पुन्हा पुन्हा मूळ ठिकाणी परत जाते, त्याचा तो आवाज. सर्व अरिष्टलक्षणांत हे सर्वांत वाईट.

या साऱ्या घडामोडींचा जमाखर्च डिस्क स्वतःच ठेवीत असते, ही गोष्ट आम्हांस पूर्वी कोणी सांगितली असती तर किती बरे झाले असते! १९९० च्या दशकापासून घरगुती डिस्कमध्ये ही सोय आहे. तिला 'स्मार्ट' असे नाव आहे. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक विनामूल्य कार्यक्रम आहे, आणि इतर प्रणालींवर स्मार्टमॉनटूल्स नावाचा संच आहे. त्यांपैकी कोणताही चालविला की काही सेकंदांत हा जमाखर्च समोर येतो. यात डिस्कवर ताण पडत नाही. ही केवळ नाडी पाहणे होय. आकडे पुष्कळ असतात, परंतु गृहस्थाने पाहण्यासारखे चार. ५ क्रमांकाच्या ओळीत किती चौकटी बदलल्या गेल्या ते असते. १९७ मध्ये किती प्रलंबित आहेत, आणि १९८ मध्ये किती सर्वस्वी वाचता येत नाहीत ते असते. १९९ मध्ये डिस्क आणि यंत्र यांमधील वाहतुकीत किती चुका झाल्या ते असते. हा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या केबलचा असतो. काही कार्यक्रमांत हे आकडे सोळाच्या हिशेबाने लिहिलेले असतात, त्यामुळे वाचताना घोटाळा होऊ देऊ नये.

आमच्या रोग्याची नाडी अशी होती : एकूण चाललेले तास सुमारे २१ हजार, म्हणजे जवळजवळ ८७५ अहोरात्र, बदललेल्या चौकटी ४८, प्रलंबित २१६, वाहतुकीच्या चुका शून्य. म्हणजे केबलवर खापर फोडण्याची सोय उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रलंबित चौकटी २६४ झाल्या होत्या. "मामा, आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, ते पाहायचे," भाचा म्हणाला. वर्षानुवर्षे आठावर थांबलेला आकडा एक वेळ चालेल. एका रात्रीत ४८ ने वाढणारा आकडा म्हणजे श्वास लागलेला आहे.

या नाडीपरीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे. गूगल कंपनीतील तीन संशोधकांनी २००७ साली, एक लाखाहून अधिक डिस्क तपासून, एक निबंध प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर साठ दिवसांच्या आत डिस्क बंद पडण्याचा संभव, तशी चूक न आढळलेल्या डिस्कच्या मानाने ३९ पट असतो, असे त्यांस दिसले. हे झाले वाईट आकड्यांविषयी. परंतु त्याच निबंधात दुसरीही एक गोष्ट आहे : ज्या डिस्क बंद पडल्या त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये, सर्वांत भरवशाच्या चार लक्षणांपैकी एकही आधी दिसले नव्हते. याचा अर्थ उघड आहे. आकडे वाईट असतील तर त्यांवर विश्वास ठेवावा. आकडे चांगले असतील तर त्यांवर विसंबून झोपू नये. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'उत्तम' असे लिहून आले म्हणजे आयुष्याची हमी मिळाली असे नव्हे.

मंदपणाची कारणे इतरही असतात, हे येथे न सांगणे अन्यायाचे होईल. यंत्राची स्मरणशक्ती अपुरी असेल, विषाणू असेल, धूळ साचून यंत्र तापत असेल, तरी ते रेंगाळते. बाहेरून जोडायची डिस्क असेल तर पुरेसा वीजप्रवाह न मिळाल्यानेही ती खट्-खट् करते. तेव्हा केबल बदलून आणि दुसऱ्या तोंडाला जोडून पाहावे. डिस्कचा दोष ओळखण्याची एक खूण अशी, की ठराविकच फाइल उघडताना यंत्र अडते आणि बाकी सारे सुरळीत चालते. विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीत 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाची घटना पुन्हा पुन्हा लिहिलेली आढळली, तर वाचता न येणारी चौकट सापडली असे ती सांगत असते. परंतु या साऱ्या परीक्षांचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि आमच्या मते या लेखात लक्षात ठेवण्यासारखे एकच काही असेल तर ते हे : नाडी पाहा, आणि नाडी वाईट दिसताच निदान थांबवून आधी मजकूर बाहेर काढा. पृष्ठभागाची संपूर्ण तपासणी, तासन् तास चालणाऱ्या चाचण्या, हे सारे मागाहून. निदान हे येथे औषधासाठी नसतेच, कारण झिजलेल्या डिस्कवर औषध नाही. आपल्या हाती किती वेळ आहे, एवढे कळण्यासाठी ते असते.

जे करू नये त्याचीही यादी त्याने दिली. विंडोजमधील चेकडिस्क नावाची दुरुस्ती मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर चालवू नये. ही दुरुस्ती म्हणजे पटवाऱ्याने आपले दप्तर सुधारणे होय. शेत नदीने खरवडून नेले असेल तर खसऱ्यात खाडाखोड करून ते परत येत नाही, उलट पूर्वी कोणाचे काय होते याची खूणही पुसली जाते. डिस्क ठोकू नये, हलवू नये. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याचा एक घरगुती तोडगा पुष्कळ ठिकाणी सांगतात. बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि मग असाध्याचे अतिअसाध्य होते. डबी उघडून पाहण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये. ते काम धुळीचा कणही नसलेल्या खोलीत करावयाचे असते. डिस्क यंत्रास दिसतच नाहीशी झाली आणि आतला मजकूर खरोखर अमोल असला, तर ती तशीच बंद ठेवून अशी खोली असलेल्या तज्ज्ञांकडे द्यावी. त्याचा खर्च हजारोंनी मोजावा लागतो, आणि यशाची हमी तरीही नसते.

त्या संध्याकाळी भाच्याने बाजारातून दुप्पट क्षमतेची नवी डिस्क आणली. जुन्या डिस्कवरून विंडोज सुरू करायचेच नाही, कारण विंडोज चालू असते तोवर त्या तबकडीवर काही ना काही लिहीतच असते, असे सांगून त्याने एका पेनड्राइव्हवरून लिनक्स प्रणाली सुरू केली. प्रथम आईच्या दोन फाइल. पहिली बाजू दोन मिनिटांत उतरली. दुसरी मध्यावर आली आणि अडकली. खट्, खट्, खट्. आम्ही म्हणालो, "पुन्हा एकदा लावून पाहा." तो म्हणाला, "नाही मामा. दाराला जोर केला तर बिजागरी तुटेल. आधी बाकीचे सगळे घर रिकामे करून घेऊ."

मग त्याने जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा कार्यक्रम लावला. त्याची रीत शेतकऱ्याची आहे. उभे पीक असेल ते प्रथम कापून घ्यायचे. जेथे कोयता अडखळेल ती जागा सोडून पुढे जायचे, परंतु कोणती जागा सोडली ते एका चिठ्ठीत लिहून ठेवायचे. आणि सारे शेत उरकल्यावर मग परत येऊन त्या जागांवरचा सरवा वेचायचा. निरोगी डिस्क दोन-तीन तासांत उतरली असती. आमचीला तीन रात्री लागल्या. एकीकडे देवघरात समई, दुसरीकडे त्या पेटीवरचा लुकलुकणारा दिवा; घरातली सारी माणसे पावलांचा आवाज न करता वावरत होती, जणू आत कोणी अत्यवस्थ आहे. मध्यरात्री आम्ही दोनदा उठून आकडा पाहून आलो. पाहून करणार काय, हे आम्हांस ठाऊक नव्हते, तरी पाहिला. चतुर्थीच्या रात्री सुरू झालेले काम ज्या दिवशी गौरी आल्या त्या दिवशी संपले. एक टेराबाइटपैकी वाचता न आलेला भाग होता सुमारे एक मेगाबाइट; म्हणजे दहा लाखांत एक. मोडी कागद, लग्ने, मुंजी, सारे सुखरूप आले. त्या दहा लाखांतील एका भागाचा काही अंश मात्र कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर पडला होता.

गौरीच्या पुढे बसून आम्ही सर्वांनी ती दुसरी बाजू ऐकली. चाळीस वर्षांपूर्वीच्या बायकांचे हसणे, बांगड्यांचा आवाज, कोणाचे तरी रडणारे मूल. ते मूल आमच्या शेजारीच मांडी घालून बसले होते. मग पाळणा सुरू झाला. तिसऱ्या कडव्यात, बाळाचे नाव ज्या ओळीत गुंफायचे त्या ओळीत, आईचा आवाज एकदम थांबला. दीड सेकंद नुसती शांतता; आणि मग पुढचा शब्द, जणू काही झालेच नाही. दीड सेकंद म्हणजे काय मोठेसे! परंतु आजीने रचलेल्या त्या ओळीतले दोन शब्द त्यात गेले होते, आणि ते आमच्यापैकी कोणालाही आठवेनात.

भाच्याने ग्वाल्हेरला आपल्या आईस फोन लावला. ताई आता पंचाहत्तरीला आली आहे. गुडघ्यांमुळे तिला प्रवास होत नाही. काय झाले ते तिला सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने फोनवरच सारे कडवे म्हटले, ते दोन शब्द अगदी त्यांच्या जागी ठेवून. आणि आमच्यावर रागावली. "तू कॅसेट टाकलीस तेव्हा मला विचारले का नाहीस?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. भाच्याने तिचा तो आवाज टिपून घेतला आणि आईच्या आवाजाशेजारी ठेवला. आईच्या फाइलमधली ती शांतता मात्र त्याने भरून काढली नाही. "ती तशीच राहू दे, मामा," एवढेच तो म्हणाला.

आता आमच्या अपराधाकडे परत येतो. आम्ही नक्कल केली आणि मूळ टाकून दिले. आणि नक्कल केली आहे या समजुतीत तेरा वर्षे निर्धास्त राहिलो. वस्तुतः मूळ टाकले त्याच क्षणी ती नक्कल नक्कल राहिली नव्हती. ती पुन्हा एकमेव झाली होती, आणि तीही कॅसेटहून अधिक नाजूक जागी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला एक नियम आहे : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. घराला आग लागली, चोरी झाली, पाणी शिरले तरी तिसरी प्रत वाचते. आमच्या आजोबांनी महत्त्वाच्या कागदांच्या नकला देवासच्या काकांकडे ठेवल्या होत्या, त्याचे इंगित आम्हांस आता कळले.

ज्यांच्या घरी नव्या पद्धतीची, न फिरणारी एसएसडी डिस्क आहे त्यांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. तिच्यात तबकडी नाही म्हणून खट्-खट् नाही. परंतु तिच्या पेशींवर लिहिण्यालाही मर्यादा आहे, आणि ती गेली तर बहुधा कण्हल्यावाचून, बसल्या जागी जाते. तिच्या स्मार्ट जमाखर्चात आयुष्य किती टक्के खर्ची पडले ते लिहिलेले असते. वर्षानुवर्षे वीज न देता पेटीत ठेवून देण्यास मात्र ती योग्य नव्हे.

आम्ही घरात एक रीत पाडली आहे. दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहायची असतेच; त्या वेळात बाहेरची डिस्क जोडून नवे जे असेल त्याची प्रत घ्यावयाची, आणि ते चार आकडे एका वहीत तारीखवार लिहावयाचे. चंद्र दिसेपर्यंत काम होते. खंडेनवमीला आपण हत्यारे-अवजारे पुसून पुजतो. त्या दिवशी, घेतलेल्या प्रतीतील पाच-दहा फाइल खरोखर उघडून पाहावयाच्या, कारण न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेली पुंजी. एक डिस्क पुण्यास भाच्याकडे राहते आणि दिवाळीत येऊन ताजी होऊन जाते. आणि ताईच्या सांगण्यावरून तो सारा पाळणा आम्ही शाईने एका वहीत उतरून काढला आहे. त्या वहीच्या दोन प्रती लेकीसुनांना दिल्या आहेत.

जुनी डिस्क अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. तिने जवळजवळ तीन महिने खुणा करून सांगितले होते. ऐकणारे कान नव्हते. वाचकहो, आपल्या घरच्या यंत्राशेजारी आज रात्री, घर शांत झाल्यावर, दोन मिनिटे बसून पाहा. आणि आवाज आला नाही, तरीही प्रत काढा.